हिरव्या दिव्याची माती

मोहटोल्यात कोणी काही म्हणो, रेवता कापगते ही निष्काळजी बाई नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे घडलं ते ऐकल्यावर माणसं पहिल्या झटक्यात तेच म्हणतात. उलट ती नको तितकी जपणारी. डाळ तीनदा निवडायची, आणि घराबाहेर पडली की गॅस बंद केला का ते पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरायची. गावातल्या बायका तिला चिडवायच्या, "रेवताबाई श्वास पण चाळून घेते वं!" आणि खरं सांगायचं तर तिनं इतकी काळजी घेतली नसती, तर ते झालंच नसतं.

मोहटोला भंडारा जिल्ह्याच्या पार टोकाला. तिथं तीस वर्षं शिसं आणि जस्ताची खाण चालली आणि मग एक दिवस बंद पडली. कंपनी गेली, पण खडक दळून, त्यातला धातू काढून घेऊन उरलेला चोथा तिथंच राहिला. पिठासारखा बारीक, राखाडी, बावीस एकर जागेवर पसरलेला. त्याला सगळे चोथ्याची टेकडी म्हणत. पाऊस पडला की टेकडी पाझरायची, आणि ते पाणी नाल्यात, नाल्यातून नदीत. मासे उलटे होऊन तरंगायचे. लहान पोरांच्या रक्तात शिसं निघायचं. रेवताचा नवरा डोमाजी त्याच खाणीत होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा त्यांची निशिगंधा नववीत होती.

मग नागपूरच्या प्रयोगशाळेतले डॉक्टर कस्तुरे आले. ही गोष्ट दोन हजार अडतीस सालची. शाळेच्या पडवीत सगळ्यांना बसवून त्यांनी मुठीत चोथा घेतला आणि म्हणाले, "आजवर सगळे एकच विचारत आले, की ह्यात शिसं किती? तो प्रश्न अर्धाच आहे. शिसं कशात बसलंय, ते विचारायला पाहिजे."

त्यांनी समजावलं ते असं. मातीतला धातू एकाच रूपात नसतो. थोडा कणांच्या बाहेर नुसता चिकटलेला असतो. ओट्यावर टेकलेल्या पाहुण्यासारखा, कोणीही हाक मारली की उठून चालू लागणारा. थोडा चुन्यात अडकलेला, थोडा लोखंडाच्या गंजात, थोडा गंधकाशी किंवा कुजलेल्या पाल्याशी बांधलेला, आणि उरलेला खुद्द खड्याच्या पोटात चिणलेला. पावसाबरोबर पळतो तो पहिला. टेकडी उचलून दुसरीकडं नेता येणार नाही, पण ओट्यावरच्या पाहुण्याला घरात कोंडता येईल. त्यासाठी त्यांनी एक जिवाणू आणला होता. त्याला युरिया आणि कॅल्शियमचं पाणी पाजलं की तो आपल्याभोवती चुना तयार करतो, आणि मोकळं शिसं त्या चुन्यात गोठून बसतं.

आणि हे झालं की नाही ते पाहायला रूपमापी. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. मातीवर टेकवलं की क्ष-किरणांनी आतला धातू कोणत्या रूपात आहे ते वाचायचं, वीस वर्षांच्या पावसात त्यातला किती वाहून जाईल याचा हिशेब मांडायचं आणि दिवा लावायचं. लाल, पिवळा, नाही तर हिरवा.

ते यंत्र सांभाळायला गावातलंच कोणी तरी हवं होतं. दहावी पास रेवताला कस्तुऱ्यांनी निवडलं, ते तिच्या त्या चाळून श्वास घेण्याच्या स्वभावामुळंच. टेकडीवर दोनशे बारा खुंट्या. दर आठवड्याला प्रत्येक खुंटीपाशी यंत्र टेकवायचं. पहिल्या वर्षी सगळीकडं लाल. दुसऱ्या वर्षी पिवळं पडू लागलं. तिसऱ्या वर्षी दोनशे बाराव्या खुंटीवर हिरवा दिवा लागला तेव्हा रेवता एकटीच टेकडीवर उभी होती आणि ओक्साबोक्शी रडली. डोमाजी असता तर, एवढंच तिच्या मनात येत होतं. त्या वर्षी नाल्यात मासे आले. पोरांच्या रक्तातलं शिसं उतरलं. गाव तिला 'पेटीवाली बाई' म्हणू लागलं, आणि रेवताला ते आवडायचं. का आवडू नये?

त्याच वर्षी निशिगंधाला दिवस गेले. ती लग्न होऊन नागपुरात राहत होती. चौथ्या महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला.

"आई, एक सांगू? हसजो नको."

"सांग ना वं."

"मले माती खावीशी वाटते."

रेवता हसलीच. मोहटोल्यात हे काही नवल नव्हतं. तिथं पोरीला डोहाळे लागले की आई गावची माती भाजून सासरी धाडते. माहेरची माती म्हणतात तिला. आईनं स्वतःच्या हातानं खणायची, स्वतः भाजायची, दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. रेवतालाही तिच्या आईनं धाडली होती.

"तुह्या डॉक्टरनं नाही म्हटलं असन."

"म्हटलं ना. जंत होतात म्हणे, काय काय असते म्हणे त्यात. पण आई, झोप नाही लागत मले. दिवसभर तोच वास नाकात. तुही पेटी आहे ना? तिच्यावर पाहून धाड. मंग तर झालं?"

नुसती माती मागितली असती तर रेवतानं झापलं असतं. पण पेटीवर पाहून, या शब्दानं ती विरघळली. पोरीला तिच्या कामाची किंमत आहे, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती तलावावर गेली. पिढ्यान् पिढ्या खायची माती तलावाच्या काठचीच. तिनं हातभर खणून ढेकूळ काढलं आणि रूपमापी टेकवलं. पिवळा दिवा. तिनं जागा बदलली. पुन्हा पिवळा. इतकी वर्षं आपण ही माती खात आलो!

मग ती टेकडीवर गेली. एकशे चाळीसच्या खुंटीपाशी जिवाणूंनी चोथ्याची पांढुरकी, लोण्यासारखी मऊ ढेपळं बनवली होती. हिरवा. तिनं तीन ठिकाणी पाहिलं, पेटी पुसून पुन्हा पाहिलं. तिन्ही ठिकाणी स्वच्छ हिरवा. आपण केलेली माती ही, असं तिच्या मनात आलं. गावातली सगळ्यात चोख.

सावलीत वाळवून, खापरावर विस्तवात खरपूस भाजून तिनं ती स्टीलच्या डब्यात भरली. वास असा सुटला की शेजारची पर्बता मेश्राम कुंपणावरून वाकली. तिची सून पाचव्या महिन्यात होती.

"कोठची वं?"

"टेकडीची. पेटीवर पाहिली."

"पोटच्या पोरीले धाडून राहिली, मंग काय पाहाचं! आमच्या सुनेलेही दे."

अशानं गावात बातमी पसरली. पुढच्या दोन महिन्यांत अकरा घरांतून बायका आल्या. रेवतानं प्रत्येकीला जागा दाखवली, आणि नीट भाजायचं कसं तेही सांगितलं.

नागपुरातून निशीचा फोन आला. "आई, काय भारी आहे वं! लहानपणी तलावाची चोरून खाल्ली होती मी, ही तिच्यापेक्षा गोड आहे. किंचित गोडसर."

"चुना आहे ना तिच्यात. लेकराच्या हाडाले चांगला." रेवता म्हणाली, आणि महिन्याभरानं दुसरा डबा धाडला. मग तिसरा.

सातवा लागला आणि जावई भूषणचा फोन आला. "आई, निशीला भरती केलंय. पोटात फार कळा येतात. आणि हातातून वस्तू पडून राहिल्या तिच्या. तुम्ही या जी लवकर."

रेवता पोचली तेव्हा निशी पांढरीफटक पडली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. रक्तात शिसं निघालं होतं, आणि थोडंथोडकं नाही.

"शिसं?" रेवतानं पुन्हा विचारलं. तिला स्टूल दिलं.

"ह्या खाणीच्या गावात वाढल्या ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "लहानपणी अंगात गेलेलं शिसं हाडांत जाऊन बसतं. शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं. वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही. पण पोटातलं बाळ कॅल्शियम मागतं, आईची हाडं सैल होतात, आणि ते शिसं पुन्हा रक्तात उतरतं. आम्हाला वाटतं तसंच झालं असावं. गरोदरपणात औषधंही फार देता येत नाहीत. बघू."

त्या गेल्यावर निशीनं आईचा हात धरला. "तू रडजो नको. तुहा काय दोष? कंपनीनं केलं ते. बाबाले खाल्लं, आता मले."

आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी रेवताला हायसं वाटलं. कंपनीनं केलं. हाडांत होतं. तिनं पोरीच्या कपाळावरून हात फिरवला, आणि तेवढ्यात उशीच्या कडेला तिला स्टीलच्या डब्याचं झाकण दिसलं.

"अजून खाते तू?"

"सकाळी खाल्ली थोडी. पोटाले बरं वाटते त्यानं." निशी ओशाळून हसली. "डॉक्टरले नाही सांगितलं."

रेवतानं डबा काढून घेतला. चहा पिऊन येते म्हणाली आणि रिक्षा करून थेट कस्तुऱ्यांच्या प्रयोगशाळेत गेली.

कस्तुरे आता थकले होते, पण तिला पाहून उठून उभे राहिले. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी मातीचा तुकडा कुटला, पोटात असतं तसलं आम्ल काचेच्या नळीत घेतलं, अंगाइतकं कोमट केलं आणि त्यात ती पूड टाकली. बारीक फेस आला. तासाभरानं यंत्रावर आकडा उमटला. मातीतल्या शंभर भाग शिशापैकी एक्याऐंशी भाग त्या आम्लात उतरले होते.

"पेटी खोटं बोलली, साहेब?"

"नाही हो." कस्तुरे खाली बसले. "पेटीला आपण एकच प्रश्न विचारायला शिकवलं. पावसात जाशील का? ती म्हणाली, नाही. ते खरंच आहे. चुना पावसाला दाद देत नाही. पण पोटातलं आम्ल पावसापेक्षा हजारो पट आंबट असतं. चुन्यावर लिंबू पिळल्यासारखं होतं. कोंडलेलं सगळं शिसं सुटतं. पोटात सुटशील का, हे तिला कोणी विचारलंच नाही. मीही नाही. टेकडी कोणी खाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आणि तलावाची माती? ती पिवळी होती."

"तिच्यात शिसं जवळजवळ नाहीच. जे थोडं आहे ते मोकळं आहे, म्हणून पिवळी. टेकडीत तिच्या तीनशे पट आहे, पण बांधलेलं. म्हणून हिरवी."

रेवतानं पदर तोंडाशी धरला. तलावाची धाडली असती तर! फेकून दिली होती तिनं ती, पोरीच्या काळजीनं.

"अजून अकरा घरं आहेत, साहेब. मीच दाखवली त्याहीले."

कस्तुऱ्यांनी कागद पुढं ओढला. "मी आजच अहवाल लिहितो. समिती बसेल, आठवड्याभरात अधिकृत सूचना निघेल. तोवर तुम्ही गावात काही बोलू नका. लोक बिथरतील, टेकडी उकरतील. जिवाणूंचं पाणी बंद पडलं तर नाला पुन्हा नासेल."

"आठ दिवसांत एखादीचा सातवा सरून आठवा लागते, साहेब," रेवता म्हणाली आणि उठली.

दवाखान्याच्या जिन्यात मात्र तिचे पाय अडले. निशीला सांगायची गरज काय होती? डबा तर काढून घेतला. डॉक्टरांनी कारण दिलंय, पोरीनं ते मानलंय. पोरीचा हात आईच्या हातात आहे. गावात काही तरी निमित्त सांगता येईल. पेटी बिघडली म्हणता येईल. पण निमित्त सांगितलं तर बायका हसतील, पर्बता म्हणेल, 'बिघडली तर बिघडली, पोरीले तर धाडली ना तू?' आणि सून खातच राहील. त्यांना थांबवायला एकच गोष्ट पुरेशी होती, आणि ती निशीच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नव्हती.

निशी जागीच होती.

"बेटा, ते हाडातलं नाही. थोडं असन. पण बाकीचं मातीतलं आहे. मी धाडली त्यातलं."

निशीला आधी कळलंच नाही. "पण तू पेटीवर पाहिली होती ना?"

"पाहिली होती."

"हिरवा होता ना?"

"हिरवाच होता."

"मंग?"

रेवतानं सांगितलं. पाऊस, चुना, आम्ल, सगळं. भूषण खिडकीपाशी उभा होता, तो बाहेर निघून गेला. निशी छताकडं पाहत राहिली. मग तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि कूस बदलली, भिंतीकडं तोंड करून. रेवता संध्याकाळच्या बसपर्यंत तिच्या पाठीकडं पाहत बसली. निशी वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवता गावात अकरा घरं फिरली. पायीच. प्रत्येक दारात उभं राहून एकच वाक्य म्हणाली, "माह्या निशीच्या रक्तात ह्याच मातीचं शिसं निघालं, माती टाकून द्या आणि आजच दवाखान्यात चाला." एका घरात तिच्या अंगावर धावून आले. एका घरात सासूनं दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पेटीवाली बाई, मंग आता आमी कोणाले पुसाचं?" ती पुढच्या दाराकडं वळली.

पर्बतानं ऐकून घेतलं. आत जाऊन भाजलेल्या मातीचं मडकं आणलं आणि उकिरड्यावर फोडलं. मग रेवताच्या शेजारी ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "स्वतःच्या पोरीले पहिले दिली तू. तुले कोण काय म्हणन?" त्यावर रेवता जी रडली ती दुपारपर्यंत.

अकराही बायकांना दवाखान्यात नेलं. बहुतेकींनी महिना दीड महिनाच खाल्ली होती, वेळेवर थांबल्या. त्यांची लेकरं बरी निपजली, एक जरासं कमी वजनाचं. रूपमापीला कस्तुऱ्यांनी दुसरा प्रश्न शिकवला, आणि नव्या यंत्रानं टेकडीवर पहिल्याच दिवशी दोनशे बाराच्या दोनशे बारा खुंट्यांवर लाल दिवा लावला. टेकडीला तारेचं कुंपण पडलं. रेवतानं काम सोडलं नाही. सोडायला पाहिजे होतं असं काही जण म्हणाले. ती दर आठवड्याला जायची, आकडे लिहायची, कोणाशी बोलायची नाही.

निशीनं तीन महिने खाल्ली होती.

मुलगा आठव्यातच झाला. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होता. रेवताला भूषणनं कळवलं, पण ये म्हणाला नाही, आणि ती न बोलावता गेली. काचेबाहेरून पाहिलं. नाक डोमाजीचं होतं. विसाव्या दिवशी पहाटे फोन आला.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. निशी सासरीच राहिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाडांतलं शिसं कमी व्हायला वर्षं लागतील, तोवर दुसऱ्याचा विचार नको. किती वर्षं, ते त्यांनाही नक्की सांगता येत नव्हतं.

वर्ष उलटलं आणि एके दिवशी सकाळी अकराच्या बसनं निशी आली. न सांगता. अंगानं भरली होती, हाताची बोटं अजून थोडी थरथरत. रेवताला काय करू नि काय नको असं झालं. निशीनं वाकून नमस्कार केला, आईच्या गळ्यात पडली, दोघी तिथंच चुलीपाशी रडल्या. मग निशी गावच्या गप्पा विचारू लागली. पर्बताकाकूची नात कशी आहे? चालते काय? रेवतानं सांगितलं, चालते. आणि बोलता बोलता धानाचा भात मांडला, लाखोरीच्या डाळीचं वरण केलं, वांग्याची भाजी केली, पापड भाजला. पोरीच्या आवडीचं एकूण एक. ताट वाढलं, पाट मांडला.

निशी पाटावर बसली. ताटाकडं पाहिलं. हात पुढं केला आणि तो भातापाशी थांबला. ती तशीच बसून राहिली. रेवताला वाटलं, बोटं थरथरतात म्हणून असेल, तिनं चमचा आणून दिला. निशीनं चमचा घेतला, भातात रोवला, पण तोंडाकडं नेईना.

"राग नाही वं आई," ती हळूच म्हणाली. "खरंच नाही. आईच्या घरी जेवून येतो म्हणून ठरवूनच निघाली होती मी. पण हात जात नाही."

"असू दे बेटा. असू दे."

निशीनं डोळे पुसले. शेजारी ठेवलेली पिशवी ओढली, त्यातून आपला डबा काढला. तीन पोळ्या होत्या आणि कांद्याची कोरडी भाजी. तिनं दीड पोळी आईच्या हातावर ठेवली.

"तू खाय," म्हणाली. "मी केली आहे."

रेवतानं ताट बाजूला सारलं, पोरीच्या समोर जमिनीवर बसली आणि खाल्ली.